तुटक्या दाताखालचे कॅरिबू

लुशा पेरेपोल्किनने काढलेल्या फोटोत प्राणी शोधावा लागायचा. हार्लो क्रीकमध्ये यावरून तिची थट्टा ठरलेली होती. पोस्टात, किराणा दुकानात, रविवारी प्रार्थनेनंतर सगळे बटाट्याचं सारण भरलेल्या पिराही खायला बसले की कुणीतरी म्हणायचंच, "लुशा, पुढच्या वेळी फोटोबरोबर भिंगही देत जा." तिचा नवरा पीट तर पाहुण्यांसमोर फोटो धरून विचारायचा, "सांगा बघू, यात अस्वल कुठंय? ज्याला सापडेल त्याला सूपची दुसरी वाटी."

लुशा चिडायची नाही. तिचं म्हणणं साधं होतं. बाकीचे लोक हातभर लांब लेन्स लावून प्राण्याचं तोंड तेवढं आणतात. डोळ्यांतलं पाणीसुद्धा दिसतं, पण तो उभा कुठं आहे, कशासमोर आहे, ते कळत नाही. मग तो पिंजऱ्यातला काय आणि डोंगरावरचा काय. ती आधी जागा बघायची. कडा कुठं येतो, उतार कुठल्या बाजूला ओढतो, झाडांची काळी रेघ कुठं संपते, पांढरं मोकळं किती उरतं. सगळं डोळ्यांपुढं मांडून झालं की चौकट जिथं कलत असेल तिथं प्राणी येण्याची वाट बघत बसायची. कधी तास, कधी दिवस. वाचनालयात ती दर वसंतात फोटोचा वर्ग घ्यायची, तिथं सांगायची, "डोंगर केवढाही असू दे, दुसऱ्या बाजूला एक जिवंत ठिपका आला की पारडी बरोबर होतात. आणि तो जिकडं बघतोय तिकडं जागा सोडा. त्याला जायला वाट नको का?"

असा एक फोटो तिला अकरा वर्षांपूर्वी मिळाला होता.

गावाच्या वर, लाकडाच्या ट्रकसाठी काढलेला कच्चा रस्ता संपतो तिथून पायी दीड दिवसावर, डोंगराच्या कुशीत एक पसरट खोलगट माळ आहे. नकाशावर त्याला नाव नाही. लुशा आणि पीट त्याला कढई म्हणायचे. कढईच्या पश्चिमेला एक सुळका आहे, अर्धा मोडलेल्या दातासारखा. हिवाळ्यात या कढईत कॅरिबू येत. बाकीची हरणं बर्फ वाढला की दरीत उतरतात, कॅरिबू उलटे वर चढतात. त्यांचे खूर ताटलीसारखे रुंद, दहा फूट बर्फावरही ते बुडत नाहीत. बर्फ जितका उंच, तितकं त्यांचं तोंड म्हाताऱ्या झाडांवर केसांसारखं लोंबणाऱ्या काळ्या दगडफुलाशी पोचतं, आणि सगळा हिवाळा ते तेवढ्यावरच काढतात. लांडगा तिथवर येत नाही. मऊ बर्फात तो पोटापर्यंत रुततो.

लुशाने त्या वेळी काठावरच्या एका खडकाजवळ तंबू टाकून पाच दिवस काढले. सहाव्या दिवशी सकाळी झाडांतून एक मादी बाहेर आली, तिच्यामागून दुसरी, मग एकेक करत एकोणीस. सगळ्यात शेवटी एक पिल्लू. डाव्या अंगाला वर तुटका दात, उजवीकडे खाली ही तिरकी बारीक रांग, आणि रांगेपुढं नुसता पांढराशुभ्र बर्फ. लुशाने एकदाच बटण दाबलं. फोटो जमला हे तिला मान वर करायच्या आतच कळलं होतं.

दरीतल्या जंगल वाचवणाऱ्या मंडळाने तो कॅलेंडरवर घेतला, मार्चच्या पानावर. लुशाची एकच अट होती, खाली जागेचं नाव घालायचं नाही. घातलं नाही. तरी कॅलेंडर शाळेत लागलं, दाताच्या डॉक्टरकडे लागलं, पेट्रोल पंपावर लागलं. पुढची तीन वर्षं लोकांच्या मागणीवरून तेच पान पुन्हा छापलं. कुठकुठल्या प्रांतांतून पत्रं आली. लुशाने ती बिस्किटांच्या डब्यात ठेवली.

कळप मात्र घटत गेला. दर मार्चला मोजणी व्हायची. सोळा. पुन्हा सोळा. बारा. नऊ. कारण सगळ्यांना ठाऊक होतं, किंवा तसं वाटत होतं. खालचं जुनं जंगल तुटलं, मोकळ्या जागेत झुडपं माजली, झुडपांसाठी दुसरी मोठी हरणं आली आणि त्यांच्यामागून लांडगे. ते जंगल तोडणाऱ्यांत पीट होता. एकतीस वर्षं त्याने करवत चालवली होती. घर त्यावर उभं राहिलं होतं, लुशाचा पहिला कॅमेराही त्यातूनच आला होता.

नऊचा आकडा आला त्या दिवशी जेवताना लुशा म्हणाली, "हे सगळं तू तोडलंस, पीट."

पीटने चमचा खाली ठेवला, उठला आणि मागच्या अंगणात जाऊन जळणाची लाकडं रचत बसला. त्याला आता दोन वर्षं होत आली होती. घरात थट्टा बंद झाली होती असं नाही, पण पाहुण्यांसमोर फोटो धरून कोडं घालणं त्याने सोडलं होतं.

यंदा जानेवारीत ब्रॉन्विन टेटचा फोन आला. वन्यजीव खात्यात कॅरिबूंची मोजदाद तीच करायची. पस्तिशीची, अखंड बडबडणारी, जेवतानाही टोपी न काढणारी. त्या दिवशी मात्र ती मोजकंच बोलली. "लुशा, दोन पट्टे हलत नाहीयेत. उद्या वर जातेय. येतेस?"

कळपातल्या काही माद्यांच्या गळ्यात खात्याने पट्टे बांधले होते. त्या कुठं आहेत ते दिवसातून दोनदा कळायचं. पट्टा हलत नाही याचा अर्थ विचारायची गरज नव्हती.

गेली दहा वर्षं लुशा कढईत पायी गेली नव्हती. कमरेने साथ सोडल्यापासून मोजणीच्या वेळी हेलिकॉप्टरमधून वरून बघायची, तेवढंच. पीट म्हणाला, "दीड दिवस चालणार आहेस या कमरेने?"

"जमेल तेवढं चालीन."

पण दीड दिवस लागलाच नाही. कच्चा रस्ता संपला तिथून पुढं झाडांमधून दाबलेल्या बर्फाची एक रुंद, घट्ट, गुळगुळीत वाट वर चढत गेली होती. बर्फात चालायचे जाळीदार जोडे पाठीवरच राहिले. साडेचार तासांत दोघी कढईच्या काठाशी आल्या.

"हा रस्ता कुणी केला?" लुशाने वाटेत विचारलं.

"बर्फगाड्या. येतात की पोरं वर मजा करायला. दर साली जास्तच." ब्रॉन्विन थांबली आणि खाली वाकली. "हे बघ."

वाटेच्या मधोमध लांडग्यांचे ठसे होते. एकामागे एक, सरळ, कुठंही न रुतता, बाजाराला निघाल्यासारखे निवांत.

वर झाडांच्या कडेला दोन माद्या पडल्या होत्या. एकीचा अर्धा भाग उरला होता, दुसरीला तर नुसतं मारून टाकलं होतं. डोमकावळे जरा बाजूला सरकले आणि पुन्हा आले. ब्रॉन्विनने हातमोजे काढून पट्टे सोडवले, नंबर मोठ्याने वाचले, वहीत लिहिले. लुशाने पिशवीतून कॅमेरा काढला नाही.

"मार्चमध्ये सात होते," ब्रॉन्विन म्हणाली. "ठशांवरून आता तीन वाटतात. तिन्ही माद्या."

"नर?"

"नाही दिसत."

उतरून त्या खाली आल्या तेव्हा रस्त्याच्या टोकाला एक ट्रक उभा होता आणि एक धिप्पाड, लाल दाढीवाला माणूस त्याच्या मागच्या गाड्यावर बर्फगाडी चढवत होता. वेल्डिंगच्या दुकानातला डॅरिल क्विस्ट. लुशाच्या फाटकाचं बिजागर त्यानेच जोडून दिलं होतं. तिला बघून त्याचा चेहरा खुलला.

"अहो पेरेपोल्किनबाई! तुम्ही इथं? म्हणजे अजून येता तर! मला कधीपासून तुम्हाला सांगायचं होतं. तुमच्यामुळंच तर आम्हाला ही जागा सापडली."

"माझ्यामुळं?"

"कॅलेंडर हो! आमच्या क्लबात भिंतीवर होतं. मार्चचं पान उघडलं आणि आमचा ग्लेन म्हणतो, एवढं मोठं उतरणीचं मैदान आपल्या दरीत आहे आणि आपल्याला पत्ता नाही? लागली पैज. खाली नाव नव्हतं, पण तो तुटका सुळका होता ना! नकाशे पसरले. सावली कुठं पडलीय, सुळक्याची मोडकी बाजू कुणीकडं दिसते, झाडांची रेघ किती उंचीवर संपते... दोन बैठका लागल्या बघा. तुम्ही ज्या खडकाजवळ उभ्या होतात ना, तिथं मी स्वतः उभा राहिलोय. हुबेहूब!" तो मनापासून हसला. "नुसतं हरणाचं तोंड काढलं असतंत तर आम्हाला काय कपाळ कळणार होतं?"

लुशाने विचारलं, "किती वर्षं येता?"

"आठ. नाही, नऊ. आधी आम्ही पाच-सहा जण होतो. आता तर लांबलांबून येतात. एकदा वाट दाबली गेली की सोपं पडतं."

"कॅरिबू दिसले?"

"पहिली दोन-तीन वर्षं दिसायचे. आम्ही लांबूनच बघायचो हां, त्रास नाही दिला कधी. हल्ली नाही दिसत. दुसरीकडं गेले असतील."

"दुसरीकडं," लुशा म्हणाली.

डॅरिलने ट्रकचं दार उघडून आसनामागून प्लॅस्टिकमध्ये घातलेलं एक पान काढलं. मार्च. कोपरे दुमडलेले, एकीकडे तेलाचा डाग. "एक सही द्याल? पोरगी म्हणते, बाबा, तुम्ही फेकता, तुम्हाला ती बाई ओळखत नाही."

लुशाने पेन घेतलं. बोटं गारठली होती तरी अक्षर नेहमीसारखं नीट आलं. तिने पान परत दिलं आणि वर म्हणाली, "सावकाश जा. खाली बर्फ निसरडा झालाय."

गाडीत बसल्यावर ब्रॉन्विन फुटलीच. "सही केलीस? लुशा, सही केलीस तू त्याला?"

"मागितली त्याने."

"तुला कळलं ना तो काय बोलला ते?"

"मला कळलं," लुशा म्हणाली. "त्याला नाही कळलं."

घरी पीटने बोर्श्ट गरम करत ठेवलं होतं. लुशाने कोटसुद्धा न काढता, दारातच उभं राहून त्याला सगळं सांगितलं. सुळका, नकाशे, दोन बैठका, दाबलेली वाट, ठसे. पीट पळीने सूप ढवळत राहिला.

"म्हणजे दोन वर्षं मी उगाच एकटा होतो," तो म्हणाला. "बरं झालं, सोबत मिळाली."

"असं बोलू नकोस रे."

"मग कसं बोलू? तू याच टेबलावर बोललीस, माझं ताट पुढ्यात असताना. मी जाऊन लाकडं रचली. रचून संपली तर पाडली आणि पुन्हा रचली. आता तू जा. रच."

चौतीस वर्षांत तो तिच्याशी असं बोलला नव्हता. लुशा तशीच उभी राहिली. सूप उतू जायला आलं तेव्हा पीटने शेगडी बंद केली, तिच्याजवळ आला आणि तिच्या कोटाची बटणं काढू लागला, कारण तिची बोटं वळत नव्हती.

"मी तोडलं नसतं तर लांडगे दरीत आले नसते," तो खालच्या आवाजात म्हणाला. "तू काढला नसतास तर ते वर पोचले नसते. आपण काही वाईट करायला गेलो नव्हतो, लुशा. काम केलं. चांगलं केलं."

"तेच तर," लुशा म्हणाली. "वाईट केलं असतं तर बरं झालं असतं."

पुढच्या आठवड्यात ती बर्फगाडीवाल्यांच्या क्लबात गेली आणि पंचवीस माणसांसमोर उभी राहून बोलली. कुणावर आरोप केला नाही. माझ्या फोटोने तुम्हाला वाट दाखवली आणि तुमच्या वाटेने लांडग्यांना, एवढंच सांगितलं. डॅरिल पहिल्या रांगेत होता. त्याचं तोंड हळूहळू उतरत गेलं. शनिवारी त्याने स्वतः रस्त्याच्या टोकाला दोन खांब पुरले, साखळी वेल्ड केली, पाटी लावली. पण बाहेरगावचे लोक साखळीला वळसा घालून जात राहिले. ते गेले नसते तरी दाबलेला बर्फ वसंतापर्यंत हटणार नव्हता, आणि लांडग्यांना पाटी वाचता येत नव्हती.

मग खात्याने हेलिकॉप्टरमधून लांडगे मारले. सात. त्यात एक गाभण मादी होती. ब्रॉन्विनने हे फोनवर सांगितलं. लुशाच्या आणि पीटच्या पणज्या-पणजोबांनी रशियात आपल्या बंदुकांचा ढीग करून जाळला होता, जीव घेणार नाही म्हणून मार खाल्ला होता, आणि म्हणून ते समुद्र ओलांडून या डोंगरांत आले होते. त्या रविवारी प्रार्थनेच्या घरात, पाव, मीठ आणि पाणी मांडलेल्या टेबलासमोर लुशा बायकांच्या रांगेत उभी राहिली. स्तोत्र सुरू झालं. तिने तोंड उघडलं, आवाज आला नाही. शेजारच्या बाईने तिच्याकडं बघितलं आणि तिच्या वाटणीचंही जरा मोठ्याने म्हटलं.

फेब्रुवारीच्या अखेरीस एक मादी बर्फाची दरड कोसळून गेली. दुसरीचं काय झालं ते कळलंच नाही. तिला पट्टा नव्हता. मार्चमध्ये कढईत एकच उरली.

ब्रॉन्विन घरी आली, टोपी काढून मांडीवर ठेवली. "तिला पकडून उत्तरेला न्यायचं ठरलंय. तिथं एक कुंपण घातलेली जागा आहे, आजारी-अशक्त कॅरिबूंसाठी. महिनाभर ठेवतील, मग तिकडच्या कळपात सोडतील. लुशा, त्याआधी एक फोटो हवाय. या डोंगरावरची शेवटची म्हणून. नोंदीसाठी. तुझ्याशिवाय कुणाला सांगू?"

"दुसऱ्या कुणालाही सांग."

"ती जाईल," पीट म्हणाला. "मीही येईन."

"तुझे गुडघे—"

"हेलिकॉप्टरमध्ये गुडघे लागत नाहीत."

सकाळी हेलिकॉप्टरने दोघांना त्या जुन्या खडकाजवळ उतरवलं. पकडणारी माणसं दुपारी येणार होती. आभाळ निळंशार होतं, वारा नव्हता, आणि उजेड असा की लुशाने एरवी त्यासाठी आठवडा काढला असता. मादी त्यांना लगेच दिसली. माळाच्या मध्यावर, झाडांकडं तोंड करून उभी. कळप नेहमी ज्या बाजूने बाहेर यायचा त्या बाजूला बघत. खात नव्हती, हलत नव्हती. मध्येच चार पावलं पुढं जायची, थांबायची, कान फिरवायची.

लुशाने ट्रायपॉड रोवला, डोळा लावला. हात आपोआप कामाला लागले. सुळका डावीकडं वर. मादी उजवीकडं खाली. ती बघत होती तिकडं भरपूर जागा. लुशाने चौकट किंचित खाली घेतली, परत वर घेतली, आणि श्वास रोखला.

फोटो जमत होता. तिला वाटलं होतं, तो जमणार नाही. एकीच्या वजनाने डोंगर पेलणार नाही, चौकट कलेल, आणि निदान ते तरी खरं असेल. पण पारडी अगदी बरोबर होती. एकोणीस होते तेव्हा होती तशीच. फोटोला अठरा जणांची उणीव भासतच नव्हती. उलट आता तो अधिकच सुंदर होता, अधिक मोकळा. लोकांनी भिंतीवर लावला असता. आणि ही एकसुद्धा उद्या नसेल तेव्हा त्याच जागी एखादं खुरटं झाड नाहीतर एखादा दगड आणून ती हीच चौकट जमवू शकली असती. इतकी वर्षं जे ती पोरांना हात हलवून हलवून शिकवत आली होती, त्याला जिवंत काय आणि मेलेलं काय, फरक पडत नव्हता.

"काढलास?" पीटने विचारलं.

"नाही."

"उजेड जाईल."

"जाऊ दे."

"अगं, ब्रॉन्विनला नोंदीला हवाय."

लुशाने लेन्सवर झाकण लावलं. "काय नोंद करायची, पीट? छान दिसत होतं म्हणून?"

पीटने पिशवीतून पिराही काढल्या, एक तिच्या हातात दिली. गार झालेल्या बटाट्याच्या पिराही दोघांनी खडकाला टेकून, मादीकडं बघत खाल्ल्या.

दुपारी हेलिकॉप्टर आलं. मादी पळाली, जाळं पडलं, ती गुडघ्यांवर कोसळली. पाच मिनिटांचं काम. ब्रॉन्विन आणि जनावरांचा डॉक्टर बर्फातून धावले, पण पायांना दोर बांधायला आणि सुई द्यायला हात कमी पडत होते. ब्रॉन्विन ओरडली, "लुशा, इकडं ये! डोकं धर!"

लुशा कंबर विसरून धावली. अर्ध्या मैलाच्या आत ती कधी कुठल्या जिवंत कॅरिबूजवळ गेली नव्हती. तिने गुडघे टेकले आणि ते डोकं मांडीवर घेतलं. डोळ्यांवर फडकं बांधलेलं होतं. मानेचे केस तिला वाटले होते तसे मऊ नव्हते. आतून पोकळ, गवताच्या काड्यांसारखे. दगडफुलाचा आणि ओल्या लोकरीचा वास येत होता. नाकपुड्यांतून गरम वाफ तिच्या मनगटावर येत होती, फार भराभर. मादीने एकदा घशातून बारीक आवाज केला. पिल्लाला हाक मारतात तसा.

"तिला काय होतंय?"

"भीती," डॉक्टर म्हणाला. "बोलत राहा तिच्याशी."

लुशाला काय बोलावं सुचेना. ती तिच्या आजीच्या रशियन बोलीत पुटपुटत राहिली, लहानपणी ताप आला की आजी म्हणायची ते. मग त्यांनी मादीला पिशवीत बांधलं. पिशवी दोराने उचलली गेली, गिरकी घेतली, आणि तुटक्या दातावरून पलीकडं गेली. पीट टोपी काढून उभा होता.

महिनाभर बातम्या बऱ्या होत्या. मादी खातेय. वजन वाढलं. एप्रिलच्या विसाव्या तारखेला तिला तिकडच्या कळपात सोडलं, अकरा जणांच्यात. लुशाने घरात त्या दिवशी जानेवारीनंतर पहिल्यांदा रेडिओ लावला.

दहाव्या दिवशी ब्रॉन्विनचा फोन आला. "लुशा, तिने कळप सोडलाय. दक्षिणेकडं चाललीय."

"दक्षिणेकडं म्हणजे?"

"म्हणजे घराकडं."

पीटने जंगलखात्याचा मोठा नकाशा आणून स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरला, कोपऱ्यांवर मिठाची बरणी आणि कप ठेवले. ब्रॉन्विन रोज सकाळी मादीची जागा कळवायची आणि पीट पेन्सिलने ठिपका द्यायचा. पहिल्या दिवशी अकरा किलोमीटर. मग चौदा. एक दिवस ती जागची हलली नाही आणि दोघांनी दुपारचं जेवण केलं नाही. दुसऱ्या दिवशी ठिपका रेल्वेच्या अलीकडे होता, तिसऱ्या दिवशी हमरस्त्याच्या पलीकडे. "रस्ता ओलांडला!" पीट ओरडला आणि लुशाच्या पाठीत थाप मारली, आणि ती हसली. कितीतरी महिन्यांनी हसली. ती बोट ठेवून पुढची वाट शोधू लागली, "इथून ही खिंड, मग हा नाला, मग नुसता उतार आहे, पीट. इथं जुनं जंगल आहे अजून. तिला खायला मिळेल."

"मधे तळं आहे," पीट म्हणाला.

धरणासाठी दरी बुडवून केलेलं ते लांबट तळं. हिवाळाभर ते इतकं घट्ट गोठायचं की त्यावरून ट्रक गेला तरी चाललं असतं. मेच्या पहिल्या आठवड्यात नाही.

सातवा ठिपका तळ्याच्या काठावर पडला. आठव्या दिवशी फोन आला नाही. दुपारी लुशानेच केला.

"काल संध्याकाळी काठापासून दोनशे मीटर आत होती," ब्रॉन्विन म्हणाली. "त्यानंतर काही नाही. कदाचित पट्ट्यातली बॅटरी—"

"ब्रॉन्विन."

"हं."

"नको."

ब्रॉन्विन रडायला लागली. लुशाने फोन तसाच कानाशी धरून ठेवला, तिचं रडून होईपर्यंत. मग तिला जेवून घ्यायला सांगितलं आणि फोन ठेवला.

पीट नकाशावर वाकला होता. त्याने अंगठा शेवटच्या ठिपक्यावर ठेवला, करंगळी ताणून कढईवर टेकवली. वीत भरली नाही.

"एवढंच राहिलं होतं," तो म्हणाला. "दोन दिवस. आली असती ती, लुशा. नक्की आली असती."

लुशाने त्याच्या हाताकडं बघितलं.

"येऊन काय केलं असतं तिने?" ती म्हणाली.

पीट हात तसाच नकाशावर ठेवून बसून राहिला, आणि लुशा त्याच्या शेजारी बसली.